विंगेत थांबलेला डॉक्टर

गादीवाल्याचा मुलगा नाट्यशाळेत गेला आणि दोन महिन्यांत घरात साधं बोलायची सोय उरली नाही. खोलीतून बाहेर पडणं म्हणजे एक्झिट, आईने क्षणभर गप्प बसणं म्हणजे पॉज. पहिल्या दिवशी वर्गात त्याला यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्याचा त्याने असा धसका घेतला, की जाडजूड वहीत तीनशे शब्द अर्थांसकट उतरवून घोकून काढले. अभिनयाचं काय, तो नंतरही येईल.

“दादा, त्या वहीत ‘काम’ हा शब्द आहे का रे?” धाकटी बहीण विचारायची.

वडिलांची अट एकच होती. वार्षिक नाटकात पास झालास तर दुसरं वर्ष, नाहीतर दुकानात कापूस भरायला बसायचं.

नाटकात त्याला डॉक्टरचं काम मिळालं. आत यायचं आणि “पेशंट वाचला” एवढंच सांगायचं. पेशंटच्या आईचं काम करणारी मुलगी “अजून डॉक्टर कसे आले नाहीत?” म्हणाली की तो त्याचा क्यू, म्हणजे आत शिरायची खूण. विंगेत उभ्या उभ्या हे त्याने पडदा ओढणाऱ्या म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. म्हातारा तीस वर्षं पडदा ओढत होता.

तेवढ्यात रंगमंचावर ती मुलगी म्हणाली, “डॉक्टरांना एवढा वेळ का लागतोय?”

हा जागचा हलला नाही.

“अरे, जा की,” म्हातारा कुजबुजला.

“हा माझा क्यू नाही.”

“डॉक्टर, येताय ना?” मुलीने विंगेकडे बघत विचारलं.

“बघ, बोलावतेय तुला.”

“काका, शब्द ठरलेले असतात. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

“थांबा, मीच बघून येते,” म्हणत ती विंगेत आली, याच्याकडे जळजळीत नजर टाकून परत गेली आणि रडत म्हणाली, “वाचला माझा मुलगा.” टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर रंगमंचावर यायचा होता, याचा प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. परीक्षकांनी त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं.

आता तो दुकानात बसतो. गिऱ्हाइकांना ही हकीकत साद्यंत ऐकवतो, चूक अर्थातच त्या मुलीची. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि गादी कधी मिळेल ते विचारतं. मागून वडील हाक मारतात. ती कुठल्याही शब्दांत मारली तरी हा लगेच उठतो.