मुलगा काही बोलत नाही

माझ्या थोरल्या साडूंइतका बोलका माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही, आणि मोबाईल घेतल्यापासून एक वेळ सोडली तर त्यांनी त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही, या दोन्ही गोष्टी मी छातीठोकपणे सांगतो. दोंडाईच्याला त्यांचा मिरचीचा व्यापार. दिवसभर लाल ढिगांमध्ये शिंकत बसायचं आणि शिंकांच्या मधल्या वेळात मीम बनवायचं, हा त्यांचा नेम. घरच्या ग्रुपवर कुणी 'जेवलात का?' विचारलं, की उत्तरादाखल शेजाऱ्यांची म्हैस येते. म्हैस रवंथ करत असली तर जेवण झालं. पाठ फिरवून उभी असली तर अक्कांशी भांडण झालंय, म्हणजे आज खानावळ. अक्का म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण. नवख्याला यातलं काही कळत नाही. आम्हाला मात्र आता पत्रापेक्षा म्हैस लवकर वाचता येते.

पण त्यांचा खरा अभ्यास माणसांचा. सकाळी सकाळी गुलाबाचं फूल पाठवणारा मनाने चांगला, पण त्याच्याकडे चहा मिळेलच असं नाही. स्वतःच्या विनोदाखाली स्वतःच चार हसरे चेहरे लावणारा जेवायला बोलावून आपल्याच भाजीची तारीफ करणार. आणि दोन वर्षांचं शिळं मीम 'एकदम नवीन' म्हणून खपवणारा? "तो लगनमा आयेल आहेर दुसरा लगनमा फिराडस," साडू निकाल देतात. हा तिसरा प्रकार ते माझ्याकडे बघून सांगतात, तेवढं मला आवडत नाही.

हे शास्त्र त्यांनी एकुलत्या एका लेकीच्या लग्नात वापरलं तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाचोऱ्याचा मुलगा बघायला आला होता. गणिताचा शिक्षक, शांत. पोह्यांबरोबर साडूंनी त्यांचा मानाचा ठेचा वाढला. मुलाने तो निमूटपणे संपवला. मग पगार विचारला नाही, शेती नाही, साडूंनी एकदम हात पुढे केला. "मोबाईल दखाड बरं. शेवटलं मीम कोनले धाडं?" मुलाने बिनदिक्कत मोबाईल दिला. त्यात एकही मीम नाही! तो म्हणाला, "मी बघतो, हसतो आणि सोडून देतो." साडूंचा चेहरा पडला. पाहुणे गेल्याबरोबर त्यांनी नकार जाहीर केला, "जो कोनलेच काही धाडस नही, तो घरमा काय बोली?"

मुलगी त्यांचीच. तिला मुलगा मनापासून आवडला होता. ती म्हणाली, "पप्पा, मन्हं लगन फोनसंगे शे का माणूससंगे?" आणि आत निघून गेली. तीन दिवस घरात अबोला. ग्रुपवर म्हैससुद्धा आली नाही, तेव्हा मी खरोखर घाबरलो.

चौथ्या दिवशी साडूंच्या मोबाईलवर पाचोऱ्याहून एक फोटो आला. मुलीने बघण्याच्या दिवशी दाराआडून काढलेला आणि नंतर गुपचूप मुलाला पाठवलेला. हातात पोह्यांची बशी, नाक लालबुंद, दोन्ही गालांवर ठेच्याने आलेल्या पाण्याच्या धारा, आणि तरी ताठ बसलेला तो. खाली त्याने लिहिलं होतं, 'मुलगा काही बोलत नाही.' साडू इतके हसले की अक्का पाणी घेऊन धावल्या. "ज्याले सोतावर हसता येस, त्यान्हा घरमा आंडेर सुखमा राही," असं लेकीकडे बघत म्हणून त्यांनी त्याच दिवशी होकार कळवला. तो फोटो पत्रिकेवर छापायचाही त्यांचा विचार होता, तो आम्ही हाणून पाडला.

लग्न थाटात झालं. लेक सासरी गेली, त्या संध्याकाळी साडू कोणती म्हैस पाठवतात म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो. म्हैस आली नाही. तीन शब्द आले, एका बोटाने टाइप केलेले: 'घर सुनं लागस.'

शेवटी ग्रुपवर जावयाने पाठवलेला फोटो आला. पाचोऱ्याच्या स्वयंपाकघरात लेक बसलेली, समोर माहेरच्या ठेच्याची बरणी, डोळे भरलेले. बरणीचं झाकण अजून उघडलेलंही नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'ठेचा फार तिखट आहे म्हणते.'

थोड्या वेळाने मला साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, जवाई धाडाले शिकना," एवढंच म्हणाले, आणि न हसता फोन ठेवला.