बकऱ्यांचा प्रश्न मी खोडला

मंडळी, आज टोकियोच्या ऑफिसातून राजस्थानातल्या एका गावाशी व्हिडिओ मीटिंग झाली. त्यांच्या चराईच्या जमिनीवर आमची कंपनी सोलर पॅनल लावणार आहे. इतिवृत्त लिहायचं काम माझं.

बायका पदर ओढून मागे बसल्या होत्या. सासऱ्यांसमोर त्या बोलणार नाहीत, हे मला कळत होतं.

"कुणाचीच हरकत नाही, तसं लिहा," माझे साहेब सातो-सान म्हणाले.

पुरुष उठून गेल्यावर एकजण कॅमेऱ्यापाशी आली. "बाईसा, बकऱ्या कुठं चारायच्या?"

मी तेही लिहिलं.

"मीटिंग संपल्यावरचं नको," सातो-सान म्हणाले.

मी खोडलं, पाठवलं. आता टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या माझ्या घरी नुसती बसून आहे.

उद्या दुरुस्ती पाठवायचीय. वरिष्ठांना असं कळवताना तुम्ही पहिलं वाक्य काय लिहिलंत?