हवालदारांनी न शिकवलेला शब्द

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी औंधाजवळच्या त्या खेड्यात परत आलो तेव्हा फार थकलो होतो. बेचाळीसला सांगलीतलं कॉलेज सोडताना आम्ही चौघांनी इंग्रजी पुस्तकांची होळी केली होती आणि यापुढे इंग्रजीचं एक अक्षरही वाचायचं नाही अशी शपथ घेतली होती. पुढची तीन वर्षं मी पत्रकं लिहिली आणि भाकरीच्या फडक्यात गुंडाळून गावोगाव पोचवली. संस्थानच्या हद्दीत इंग्रजांचे पोलीस सहसा येत नसत, म्हणून या खेड्यात मी लपून राहायचो. आता लपायचं कारण उरलं नव्हतं. पत्रक लिहायला बसलो की 'उठा' या शब्दापाशी टाक थांबायचा. मलाच उठवत नव्हतं.

मला लपवलं ते एका मावशीने. तिचा एकुलता मुलगा पलटणीत होता. इंग्रजांच्या फौजेत कुणी भरती होऊ नये असं मी लिहीत होतो, ते तिच्याच धान्याच्या कणगीमागे बसून, आणि खात होतो ती तिचीच भाकरी. तिने मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. सिंगापूर पडलं तेव्हाच मुलगा जपान्यांच्या कैदेत गेला होता. लढाई संपल्यावर सरकारी कागद आला, त्यात एकच शब्द होता: बेपत्ता.

त्याच्याबरोबर कैदेत असलेले गावातले एक हवालदार मात्र परत आले होते. त्यांनी आपल्या बायकोच्या हातून मावशीकडे एक लाकडी पट्टी पाठवली होती. बोटभर रुंद, वर भोक, आणि काळ्या शाईत जपानी अक्षरं. मुलाच्या सदऱ्याला ती बांधलेली असे, एवढाच निरोप होता.

मावशीने ती डब्यातून काढून माझ्यापुढे धरली. "ह्यात त्याचा पत्ता आसंल. तू एवढा शिकल्याला हायस, वाच की."

"मावशी, ही जपानी आहे."

"मग शीक. तुला तरी दुसरं काय काम हाय आता?"

ती टोचून बोलली नव्हती. मलाच ते लागलं. दिवाळीपर्यंत वाचून दाखवतो, असं मी म्हणून बसलो.

हवालदारांची शिकवणी मळ्यातल्या विहिरीवर चाले. ते मोट हाकायचे आणि मी धावेच्या, बैलांच्या त्या उताराच्या, कडेला वही घेऊन बसायचो. बैल उतरून मोट रिकामी झाली की ते आकडा म्हणायचे. इची. नी. सान. दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"वाचायचं मला न्हाई येत," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आमची शाळा थोबाडीत खाऊन झाल्याली. ऐकाय येतं, बोलाय येतं. चालंल का, पत्रकवाले?"

"चालेल."

"आन् शपथ मोडंल म्हनून भ्या नगंसा. ह्यात इंग्रजीचं नखबी न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात मी हरखून गेलो. जपानीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न होतो, अगदी आपल्यासारखा. आणि 'नाइ' म्हणजे नाही. मिझू नाइ, पाणी नाही. मेशी नाइ, जेवण नाही.

"आपलीच भाषा हाय ती," हवालदार बैलाची शेपटी पिरगाळत म्हणाले. "वाट चुकून तिकडं गेल्याली."

मी त्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी लिहिलं. पूर्वेचे सगळे लोक मुळात एक कसे, हे 'का' आणि 'नाइ' यांच्या आधाराने सिद्ध करणारी सहा पानं. हवालदारांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "मारताना मातुर परके वाटायचे."

पाऊसकाळ गेला. मला दोनेकशे शब्द आले, पण अक्षर एकही येईना. शेवटी मी सांगलीला गेलो. रद्दीच्या दुकानात जुन्या नकाशांच्या गठ्ठ्याखाली एक चोपडं सापडलं. गोऱ्या सोल्जरांसाठी छापलेलं, कामापुरती जपानी शिकवणारं. सगळं समजावून सांगितलं होतं ते इंग्रजीत. मी ते तीनदा खाली ठेवलं. जिथे होळी केली होती ती जागा त्या दुकानापासून हाकेवर होती. चौथ्यांदा उचललं आणि भाकरीच्या फडक्यात गुंडाळलं. पूर्वी पत्रकं गुंडाळायचो तसंच.

परतीच्या वाटेवर, कराडच्या स्टेशनवर बसून, मी तिसरं पान उघडलं. आकडे होते. पट्टीवरची खालची दोन अक्षरं मला पाठ होती, ती तिथे सापडली. अधिकाचं चिन्ह असतं तसं एक, म्हणजे दहा. त्याखाली सात. सतरा. पट्टीवर पत्ता नव्हताच. कैद्याचा नंबर होता.

पान उलटलं तर पहिलाच शब्द होता 'हो'. हो म्हणजे 'हाय'.

पाच महिन्यांत हवालदारांनी मला 'नाही' शिकवलं होतं, पाणी, भात, ताप, बोट, लवकर, सगळं शिकवलं होतं. होकाराचा शब्द शिकवला नव्हता. मी एकदा विचारलाही होता. तेव्हा ते म्हणाले होते, "हो म्हनायची आमाला पाळीच कवा आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो ते वही न घेताच.

"हवालदार, हो म्हणजे हाय. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांनी बैल थांबवले. मोट निम्म्यातच लोंबकळत राहिली आणि तिच्यातून पाणी गळत होतं.

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. आणि पट्टीवर पत्ता नाही, सतरा आकडा आहे. तोही तुम्हाला माहीत होता."

"व्हता." ते कासऱ्याशी चाळा करत राहिले. "नंबर हाय म्हनून सांगितलं असतं, तर तिनं फुडचं इचारलं असतं."

मग पुढचं त्यांनी सांगितलं. ज्या बेटावर कैदेत ठेवलं होतं, तिथे एका सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं. जपानी साहेब एकेकासमोर येऊन विचारत होता, दूर कामाला नेणाऱ्या बोटीवर जाणार का? मावशीच्या मुलाला जपानी येत नव्हती. अंगात ताप होता. त्याला वाटलं, रोजच्यासारखी हजेरीच आहे. साहेब समोर येताच तो म्हणाला, हाय. इथंच हाय म्हणून. त्याला ओढून पलीकडच्या रांगेत नेलं, त्यात पट्टीची दोरी तुटली.

"मी त्याच्या शेजारी हुतो. मला सवाल कळला हुता. त्याला कोपर मारलं असतं तरी झालं असतं. न्हाई मारलं. माझी पाळी आली. मी म्हनलं, न्हाई. एक थोबाडीत बसली आन् साहेब फुडं गेला." त्यांनी कासरा मुठीभोवती गुंडाळला. "त्यो हाय म्हनला, मी न्हाई म्हनलो. दोगंबी मराठीच बोललो."

"बोटीचं काय झालं?"

"देवाला ठावं."

मी त्यांना म्हणालो, तुम्ही मावशीला सांगा, नाहीतर मी सांगेन. माझ्या आवाजात पत्रकातली धार होती आणि ती मला त्या क्षणीच नकोशी वाटली. पण शब्द मागे घेतला नाही. हवालदारांनी बैल सोडले, तोंड धुतलं आणि माझ्यामागून चालू लागले.

परत आल्यापासून ते मावशीच्या दारावरून गेले नव्हते. मळ्याकडे जाताना ओढ्याकडून लांबचा फेरा घ्यायचे. मला वाटायचं, बैलांना पाणी दाखवायला जात असतील.

मावशी ज्वारी पाखडत होती. हवालदारांनी उंबऱ्याबाहेर बसूनच सगळं सांगितलं, काही न गाळता. कोपराचंही सांगितलं. तिने सूप थांबवलं नाही. झाल्यावर विचारलं, "ताप लय हुता का?"

"व्हय."

"हाय म्हन, असं मीच शिकवल्यालं. शाळंत नाव घेतलं की गप बसायचा." मग ती माझ्याकडे वळली. "त्ये सतरा कसं म्हनत्यात?"

"जू-नाना."

"नाना म्हनत हुते व्हय त्याला?"

नाना म्हणजे नुसता सात, हे सांगायला हवालदारांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पत्रकातली एक वेलांटी चुकली तर सगळी रात्रीची छपाई मी फाडून टाकलेली आहे; ही चूक मात्र राहू दिली.

"पट्टीवर वर आनि एक अक्षर हाय," सूप खाली ठेवून, डब्यातली पट्टी काढत ती म्हणाली.

"ते पुस्तकात सापडलं नाही." ते आजही मला वाचता येत नाही.

"मग आता वाट बघू का नगं, तेवढं सांग. तू शिकल्याला हायस."

"मला माहीत नाही, मावशी."

तिने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला अपेक्षित होतं. पट्टी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं. हवालदार उठले तेव्हा त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "वढ्याकडनं कशापायी जातोस? हितनं जात जा."

पुढे शिकवणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर पडून होतो. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, दारापाशी मंदावला. हवालदार उभे राहिले असावेत.

"हाईस का गं?" त्यांनी आत हाक दिली.

"हाय," मावशी म्हणाली.