दिवाणाला उपाशी ठेवायचं होतं

चतुराबाईच्या कुत्र्याचं नाव दिवाण. पिल्लू असल्यापासून तो तपकिरीच्या कारखान्याच्या पायरीवर असा ऐटीत बसायचा, की आल्यागेल्याने आपलं काम सांगूनच आत जावं. नाशकातल्या त्या गल्लीत खरा दिवाण कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे नावाबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

चतुराबाई मूळची चांदवडकडची. नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा ती तपकिरीसाठी तंबाखू कुटायला लागली. आधी सासूचं सगळं अंथरुणात केलं, मग नवऱ्याचं. दोघं गेली आणि बाईच्या अंगात जी दमणूक मुरली ती झोपेने जाणारी नव्हती. सोबतीला दिवाण राहिला. ती नाकाला पदर बांधून कुटायची आणि तो उखळाशेजारी गारव्याला पडून असायचा. पहिल्या वर्षी तो शिंकून शिंकून बेजार व्हायचा, कुटणाऱ्या बायका हसून लोटपोट व्हायच्या. चतुराबाईही हसायची.

आता तो म्हातारा झाला आणि शिंकेबरोबर रक्त येऊ लागलं. एक नाकपुडी बंद झाली, दुसरी झोपेत शिट्टीसारखी वाजे. वास येईना, म्हणून खाण्यावरची वासनाच उडाली. शेवटी शेजारच्या खलीलने त्याला आपल्या टांग्यात घातलं आणि चतुराबाई त्याला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली. गल्लीला तेवढंच हवं होतं. "गावठी कुत्र्याला डॉक्टर! उद्या मांजराला चष्मा लावील," असं कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांचा हात देवळालीच्या छावणीत साहेबांच्या कुत्र्यांवर बसलेला होता. त्यांनी दिव्यापुढे दिवाणाचं नाक पाहिलं, बोळ्याने साफ केलं, थेंब सोडले.

"बाई, नाकात मांस वाढलंय," ते म्हणाले. "क्लोरोफॉर्म देऊन नाकाचं हाड वरून उघडलं तर सगळं काढता येईल. पण वय झालंय. टेबलावरून उठेलच असं नाही. उठला तर पुढे महिनाभर जखम धुवावी लागेल."

"दुसरं काय हाय?"

"तारेच्या फासाने नाकपुडीतून निघेल तेवढं ओढून काढायचं. थोडे दिवस बरं वाटेल, मग ते परत वाढेल. नाहीतर काहीच करायचं नाही. वाफ द्या, मऊ, कोमट खायला घाला. फार हाल व्हायला लागले की आणा, मी त्याला शांत झोपवीन."

चतुराबाईने भीतभीत विचारलं, "तपकिरीनं झालं का हे?"

"कसं सांगणार? तंबाखू कधी न पाहिलेल्या कुत्र्यांनाही होतं."

"माझ्या नाकाला पदर व्हता, डॉक्टरसाहेब. त्याला काय व्हतं?"

डॉक्टरांनी बोळा टाकून हात धुतले. चतुराबाई म्हणाली, "उघडा हाड. व्हईल ते व्हईल."

"मग परवा सकाळी आणा. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्नाचा कण नको. भरल्या पोटी क्लोरोफॉर्म दिला तर उलटी श्वासात जाऊन तिथेच दगावेल. खाल्लं असेल तर मी हात लावणार नाही."

ती हो म्हणून आली खरी, पण दोन दिवस तिच्या जिवाला चैन नव्हतं. दिवाणाकडे पाहिलं की वाटे, हे दुखणं आपणच कुटून त्याच्या नाकात भरलं. ते काढून टाकायलाच हवं. मग महिनाभर जखम धुवायची हे आठवे. पुन्हा फडकी, पुन्हा गरम पाणी, पुन्हा ते कण्हणं. आता आपल्याच्यानं होणार नाही, असं मनात येई आणि त्याची तिला लाज वाटे. लाज वाटली की ती आणखी ठासून ठरवी, की न्यायचंच.

दवाखान्यात न्यायच्या सकाळी जहिदा, खलीलची बायको, पातेलं घेऊन दाराशी आली. तिने दिवाणाचं ओलं तोंड कधी लुगड्याला लागू दिलं नव्हतं, पण लांबून भाकरतुकडा टाकण्यात खंडही पडू दिला नव्हता.

"मौसी, बकऱ्याच्या पायाचा रस्सा हे. हाड एक नाय ठेवलं. दवाखान्यातनं आला की पाजा त्याला."

चतुराबाईच्या घरात मांसमच्छी शिजत नसे. तिने पातेलं बाहेरच्या पायरीवर ठेवलं, झाकण सारून किती आहे ते पाहिलं आणि वाफ वर आली.

कोपऱ्यात पडलेल्या दिवाणाने मान उचलली. डॉक्टरांच्या थेंबांनी नाक जरा मोकळं झालं असेल, नाहीतर रस्साच तसा तिखट वासाचा असेल. तो उठला. पाय लटपटत होते. पातेल्यापाशी येऊन त्याने आपली रिकामी ताटली पंजाने तिच्याकडे ढकलली आणि शेपटी हलवली. कितीतरी दिवसांत त्याने काही मागितलं नव्हतं.

"आज नाय रं," ती म्हणाली. त्याने ताटली परत ढकलली.

चतुराबाई पायरीवर बसली. दोन दिवस आपण काय पाहत होतो? आपला अपराध, नाहीतर आपली दमणूक. या मुक्या जिवाला काय हवंय, हे काही आपण पाहिलं नाही. आणि तो तर भुकेला होता.

तिने ताटली जवळ ओढली. आपण काय करतो आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. रस्सा ओतला, बोट बुडवून कोमट असल्याची खात्री केली आणि ताटली पुढे सारली. दिवाण थांबत, फुरफुरत, शिंकत खात राहिला. मधेच रक्ताचा थेंब पडला तो तिने पदराने टिपला. डोळ्यांतलं पाणीही त्याच पदराने पुसलं.

गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा राहिला. खलील आत येत म्हणाला, "चला मौसी. उचलू का त्याला?"

"घोडा सोड, बाबा," चतुराबाई म्हणाली. "त्याचं जेवण झालं."

खलील ताटली पाहून टांग्याकडे वळला.

"आन् कारखान्यात सांग," ती म्हणाली, "कुटायला दुसरी बाई बघा म्हणावं. तो हाय तवर मी हितंच बसणार हाय, त्याच्यापाशी."