घोडा बांधणारे सर

कॅनडातल्या वॉटर्लूतले सगळे मराठी लोक त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. मध्ययुगातल्या इंग्रजीत घोडे हाताळायचे आणि बांधायचे शब्द, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अभ्यास. रिटायर झाले तरी टिपणांची कोरी कार्डं खिशात असतातच. आपण चहा ओतत असावं आणि त्यांनी म्हणावं, "पायबंदाला तेव्हा 'लँगल' म्हणत, बरं का!" शब्द सांगून झाला की असे हात झटकतात, जणू आत्ताच घोडा बांधून आले.

एका शनिवारी मी त्यांना फार्मर्स मार्केटला नेलं. तिथं घोडागाडीतून आलेल्या एका मेनोनाइट, म्हणजे मोटारी न वापरणाऱ्या जुन्या पंथातल्या, शेतकऱ्यानं दोरी सरळ सरांच्या हातात दिली. "टाय हिम देअर, प्लीज," म्हणाला आणि मक्याच्या पेट्या घेऊन आत गेला.

सरांचा चेहरा पांढराफटक. आयुष्यात त्यांनी घोड्याला हात लावला नव्हता.

"सर, बांधा ना!"

"अरे, मला एकच गाठ येते."

ती त्यांनी कठड्याला मारली. पायजम्याच्या नाडीची.

घोड्यानं दोरीचं टोक दातात धरून ओढलं आणि गाडीसकट गाजरांच्या स्टॉलकडे निघाला. सरांनी दोरी पकडली ती सोडलीच नाही. फरफटत मागं जाताना चाळीस वर्षांतला एकही शब्द आठवेना. शेवटी ओरडले, "अहो! अहो, थांबा हो जरा!"

घोडा थांबला.

मी हसून बेजार. सरांनी धापा टाकत खिशातून कार्ड काढलं.

"पेन दे. हा शब्द कुठल्याच हस्तलिखितात नाही."