तांब्याचा बंब

मुलुंडमधली एक जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा रहिवाशांनी नको असलेलं सामान कंपाउंडमध्ये विकायला मांडलं होतं. जुन्या वस्तूंचं मला वेड, म्हणून मी सकाळीच पोचले. तिथे साठीच्या एक बाई होत्या. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेले. प्रत्येक वस्तू त्या वापरूनच बघायच्या. पाटावर मांडी घालून बसल्या, रिकामं जातं फिरवून गाणंही गुणगुणल्या.

कोपऱ्यातल्या तांब्याच्या बंबाची कडी मी धरली, तर दुसरी कडी त्यांच्या हातात.

"तू काय करणार याचं?" त्यांनी विचारलं.

"बाल्कनीत ठेवीन. मनी प्लांट लावीन त्यात."

त्यांनी बंब झटकन जवळ ओढला. "अगं, पाणी तापवायचं असतं यात! दिवाळीला गच्चीवर पेटवणार मी. अख्ख्या बिल्डिंगला गरम पाणी!"

"आणि एरवी ठेवणार कुठे?"

"आधी घरी तर नेते. घर सरकेल ना थोडं!"

मला इतकं हसू आलं की कडी सुटलीच. मग आम्ही दोघींनी मिळून बंब रिक्षात चढवला. तो सीटवर ऐसपैस बसला, त्या कडेला अंग चोरून. रिक्षा सुटताना डोकं बाहेर काढून ओरडल्या, "नरक चतुर्दशीला ये गं पहाटे, टॉवेल घेऊन!"

पत्ता सांगायचा राहिलाच. त्या दिवाळीत मी पहाटे आमच्या गच्चीवर गेले आणि आजूबाजूच्या कुठल्या गच्चीवरून धूर निघतोय का, ते हसत हसत शोधत राहिले.