जुबेदाआपाची चुंबकाची फळी

जुबेदाआपा ओठांत सुया धरून बोलायची. एका कोपऱ्यात दोन-तीन सुया दाबलेल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून शब्द. त्यामुळे ती बोलेच कमी. ब्लाउज सैल हवा की घट्ट, एवढं विचारायचं की मशीन सुरू. सोनाळ्यात बाजाराच्या रस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान आणि माझा कॉम्प्युटर क्लास शेजारी होते, मधे नुसता एक पत्रा.

क्लास मी हौसेनं काढला नव्हता. नव्या बीटी बियाण्याची कपाशी बाबांना पहिल्या वर्षी भरभरून आली. त्या भरवशावर मी अकोल्याला कॉलेजात गेले. पुढे मात्र लागोपाठ दोन हंगाम पानं लाल पडली, बोंडं पोसलीच नाहीत. शिक्षण अर्धवट टाकून मी घरी आले. मामांनी खामगावच्या एका कचेरीतून निघालेले जुने कॉम्प्युटर आणून दिले आणि एकोणिसाव्या वर्षी मी गावाची ‘मॅडम’ झाले.

धुळीनं आणि विजेच्या लपंडावानं त्या कॉम्प्युटरांच्या हार्ड डिस्क एकेक करून बंद पडत. एका दुपारी त्यातलीच एक मी खोलून बसले होते. आपा दारात येऊन उभी राहिली.

‘काय खोलून राह्यली वं?’

‘कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. बिघडली.’

आत आरशासारखी गुळगुळीत चकती होती आणि एका कोपऱ्यात पोलादी पट्ट्यांवर चिकटवलेले दोन छोटे लोहचुंबक. इतके जोरदार, की माझा स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी हातातून ओढूनच घेतला. आपानं ओठांतली एक सुई काढून पुढं धरली. सुई चिमटीतून सुटून पट्टीला जाऊन चिकटली. किती तरी वेळ आपा ती सुई बोटानं चाचपत राहिली.

‘हे तू फेकतं का?’

‘हो.’

‘फेकू नको. मले दे.’

त्या पट्ट्यांना आयती भोकं असतात. आपानं एक फळी घेतली, पट्ट्या ओळीनं स्क्रूनं आवळून बसवल्या आणि फळी मशीनच्या वर भिंतीला लावली. डावीकडे मोठी कात्री, मग काज करायची छोटी कात्री, मग बॉबिन ठेवायची पत्र्याची डबी, शेवटी सुया. एक चुंबक तिनं फडक्यात शिवून मशीनच्या मानेवर ठेवलं, कारण उघडं चुंबक बोटाची कातडी चिमटीत पकडायचं. पुढं जी जी डिस्क बिघडली, तिची चुंबकं आपाकडं गेली. एवढंच मी बजावलं होतं, की चुंबकानं चालू डिस्क बिघडेल, ते घेऊन माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून हाक मारी, ‘पाह्य, हात मोकळे हायेत माहे. येऊ का?’

सुया फळीवर गेल्या आणि आपा बोलायला लागली. मला तर वाटलं, ही दुसरीच बाई. कुणाच्या शेतात काय चाललंय, हे तिला कपड्यावरून कळे. पिकलं त्या साली साड्यांवरचे नवे ब्लाउज येत. आता नवऱ्यांचे जुने सदरे येत. ते कापून कपाशी वेचायला जाणाऱ्या बायांसाठी लांब बाह्यांचे झगे करायचे. ‘यंदा कापड नाही आलं दुकानात, नुसतं फाटलेलं आलं,’ ती म्हणे. पण झगा शिवताना काखेत हटकून जास्तीची पट्टी लावी. ‘हात दिवसभर वर-खाली होते माय. तिथं टोचलं तं बाई वेचीन कशी?’

फळीकडं ती कधी बघत नाही, हात नेमका जातो, हे मला दिसत होतं. मला ती सवय वाटायची. धागा ओवायला ती शाळेतून परतणाऱ्या पोरींना बोलवी, तेही मला लाड वाटले.

मग वंदनाच्या बाळाच्या कुंचीचं प्रकरण झालं. वंदना गावातलीच, सासरी जेमतेम चटणी-भाकर असतानाही तिनं बारशासाठी हौसेनं कापड आणलं होतं. संध्याकाळी ती कुंची न्यायला आली, तर आपा कुंची मांडीत धरून बसलेली. शिवताना सुई तुटली होती आणि टोकाचा तुकडा सापडत नव्हता.

‘दे ना आपा, उद्या बारसं हाये,’ वंदना म्हणाली. ‘पडला असन खाली.’

‘नाही देत.’

‘काऊन?’

दुकानात मी होते, आणखी दोन बाया होत्या. तरी आपा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मले दिसत नाही वंदना. दोन्ही डोळ्यांत धुकं हाये. तुकडा खाली पडला का लेकराच्या टोपीत गेला, मले नाही सांगता येत.’

मी फळीवरचं एक चुंबक सोडवून आणलं आणि कुंचीवरून हळूहळू फिरवलं. झालरीपाशी टिक् असा बारीक आवाज झाला. बाळाच्या कपाळावर येणाऱ्या घडीतून सुईचं टोक बाहेर आलं. वंदनानं कुंची घेतली, छातीशी धरली आणि रडत घरी गेली.

त्या आठवड्यात काही बायांनी आपली कापडं परत नेली. आपानं एकीलाही अडवलं नाही. तिच्या आईचा डोळा ऑपरेशनात गेला होता, म्हणून ती घाबरून राहिली होती, हे मला तेव्हा कळलं. बारसं उरकल्यावर वंदनाच आली. ‘शेगावले डोळ्याच्या दवाखान्यात चाल. मी येतो संगं,’ म्हणाली. तान्हं बाळ काखेला घेऊन ती खरंच आपाला घेऊन गेली.

पट्टी सुटल्यावर आपा परतली ती थेट माझ्या क्लासमधे आली. काळा चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिली. तीन वर्षं आम्ही शेजारी होतो आणि माझा चेहरा तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता. माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, ‘आवाजावरून मी तुले मोठी बाई समजत होती. तू तं लेकरूच हायेस वं.’

अकोल्याहून आल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी पोरांसमोरच रडले.

आपा थांबली नाही. चष्मा चढवून सरळ आमच्या घरी गेली आणि ओसरीवर बाबांसमोर बसली. काय बोलली ते मी आजवर कितीदा तरी विचारलं. बाबांनी सांगितलं नाही, आणि आपानंही मरेपर्यंत सांगितलं नाही. जूनमधे बाबा स्वतः मला अकोल्याच्या एसटीत बसवायला आले.